रकान्यातील शून्य

अमेरिकेत दरवर्षी एप्रिलच्या पंधरा तारखेच्या सुमारास कोट्यवधी नागरिक आपापल्या राज्याच्या आयकराचा नमुना भरतात आणि त्यातील मजकूर खरा असल्याबद्दल त्याखाली सही करतात. उत्पन्न, वजावट, परतावा अशा परिचित रकान्यांच्या गर्दीत त्या नमुन्यात एक अपरिचित ओळ असते. कॅलिफोर्नियाच्या ५४० क्रमांकाच्या नमुन्यात अलीकडची अनेक वर्षे ती ९१ वी आहे, न्यूयॉर्कच्या नमुन्यात ५९ वी. आणि ती कोरी सोडू नये अशी सूचना दोन्हीकडे छापलेली असते. बहुसंख्य करदाते ती कोरी सोडत नाहीत. ते तेथे शून्य लिहितात. निदान २०१८ सालापर्यंत तरी हे शून्य बव्हंशी खोटे होते, आणि आजही ते सर्वस्वी खरे झालेले नाही.

ही ओळ वापर-कराची आहे. राज्याबाहेरच्या विक्रेत्याकडून टपालाने, दूरध्वनीवरून वा संगणकाच्या जाळ्यावरून एखादी वस्तू मागविली, विक्रेत्याने त्यावर विक्रीकर घेतला नाही, आणि ती वस्तू राज्यात वापरात आली, तर विक्रीकराइतकाच कर ग्राहकाने स्वतः होऊन सरकारजमा करावयाचा, असा हा कायदा आहे. बाहेर काही कर भरला असेल तर तेवढा वजा मिळतो. विक्रीकर असलेल्या पंचेचाळीसही राज्यांत त्याच्या जोडीला हा कर आहे. महाराष्ट्रातील वाचकाला तो चटकन उमजावा. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात स्थानिक क्षेत्रात उपभोगासाठी, वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर कर बसविण्याची जी तरतूद होती, तिच्यातूनच आपली जकात आली; मुंबईत ती २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. वापर-कर ही नाका नसलेली जकात आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार एका राज्याला दुसऱ्या राज्याच्या मालावर सीमेवर नाका उभारता येत नाही. म्हणून नाका ग्राहकाच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवला आणि नाकेदार म्हणून त्या ग्राहकाचीच नेमणूक केली.

तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांनाही हा कायदा लागू आहे, हे बहुतेकांच्या गावी नसते. येवल्याहून पार्सलने मागविलेली पैठणी कॅलिफोर्नियात नेसली गेली, तर तिच्या किमतीवर तेथील वापर-कर देय होतो. परदेशी खरेदी करून स्वतःबरोबर वाहून आणलेल्या वस्तूंपैकी पहिल्या ८०० डॉलरना तेथे सूट आहे. पार्सलने आलेल्या वस्तूला ती नाही. (न्यू जर्सीकरांचे त्यातल्या त्यात बरे, कारण तेथे बहुतेक कपड्यांवर विक्रीकरच नाही.)

हा कर आला कोठून, हे पाहिल्याखेरीज त्याच्याविषयी न्याय्य मत बनविता यावयाचे नाही. महामंदीच्या काळात, १९३२ च्या नोव्हेंबरात, वॉशिंग्टन राज्यातील मतदारांनी शेतकऱ्यांच्या संघटनेने पुढे मांडलेला, उत्पन्नानुसार चढत जाणारा आयकर सुमारे सत्तर टक्के मतांनी मंजूर केला. शेतजमिनीवरील कराने शेतकरी मोडून पडला होता. ज्यांच्या हाती पैसा आहे त्यांनी अधिक द्यावे, इतकी साधी ती मागणी होती. १९३३ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. उत्पन्न ही मालमत्ता आहे आणि मालमत्तेवरील कर सर्वांना एकसारख्या दराचा असला पाहिजे, असा तर्क त्यामागे होता. तिजोरी तर रिकामी होती. तेव्हा १९३५ साली विधिमंडळाने किरकोळ विक्रीवर दोन टक्के विक्रीकर बसविला. परंतु कोलंबिया नदीपलीकडच्या ऑरेगॉनमध्ये विक्रीकर नव्हता, आजही नाही. नदी ओलांडून खरेदी करून येणाऱ्याला आळा घालण्यासाठी त्याच कायद्यात दोन टक्क्यांचा भरपाईचा वापर-कर घालण्यात आला. श्रीमंतांकडून मागितलेला कर न्यायालयाने अडविला, आणि त्याच्या जागी किरकोळ खरेदीवरचा कर उभा राहिला, ही त्याची जन्मकथा आहे.

या कराला आव्हान दिले ते ग्रँड कूली धरण बांधणाऱ्या कंत्राटदारांनी. यंत्रे व साहित्य बाहेरच्या राज्यांत विकत घेऊन धरणावर आणले असताना वॉशिंग्टनने त्यावर कर का घ्यावा, हा त्यांचा सवाल होता. १९३७ साली संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी कर वैध ठरविला. त्यांचे म्हणणे असे, की आंतरराज्य व्यापार संपून वस्तू वापरात आल्यानंतर हा कर लागतो, आणि राज्यात खरेदी करणारा व बाहेर खरेदी करणारा यांच्यावर अखेरीस सारखाच बोजा पडतो. तर्क निर्दोष होता. प्रश्न उरला तो वसुलीचा. धरणाचा कंत्राटदार सापडतो, मोटार नोंदणीच्या वेळी सापडते. पण टपालाने आलेले जोडे आणि चादरी कोण मोजणार?

वस्तुतः मोजणारा एक जण होता. विकणाऱ्या कंपनीकडे प्रत्येक ग्राहकाचे नाव, पत्ता, वस्तू आणि किंमत यांची नोंद होती. परंतु १९६७ साली नॅशनल बेलास हेस या मिसूरीतील टपाल-विक्री कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ज्या राज्यात कंपनीचे दुकान, कचेरी वा प्रतिनिधी नाही त्या राज्यासाठी कर गोळा करण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. तीन न्यायमूर्तींनी त्याच वेळी विरोध नोंदविला होता. १९९२ साली क्विल या कार्यालयीन सामानाच्या कंपनीच्या बाबतीत तोच दंडक कायम राहिला. नॉर्थ डकोटात क्विलचे सुमारे तीन हजार ग्राहक होते आणि वर्षाकाठी जवळजवळ दहा लाख डॉलरची विक्री होती. तरी तेथे तिचे दुकान नव्हते एवढे पुरेसे ठरले. कर रद्द झाला नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ग्राहकाची जबाबदारी जशीच्या तशी होती. ज्याच्याजवळ सगळी नोंद होती तो मोकळा सुटला, आणि ज्याच्याजवळ पावतीही शिल्लक नसे त्याच्या सदसद्विवेकावर राज्याची तिजोरी सोपविण्यात आली. परिणाम व्हावयाचा तोच झाला.

या मोकळिकीचा उपयोग कोणी कसा केला, ते पाहण्यासारखे आहे. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी १९९६ सालच्या एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले होते, की कंपनी जेथे असेल त्या राज्यातील ग्राहकांकडून विक्रीकर घ्यावा लागतो, म्हणून आपण लोकसंख्येने लहान राज्य शोधले; इतकेच नव्हे, तर सॅन फ्रान्सिस्कोजवळ मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशात कंपनी थाटता येईल काय, याचीही चौकशी केली होती. अखेर निवड झाली ती सिएटलची, म्हणजे वापर-कराच्या जन्मभूमीचीच. पुढे टेक्सास राज्याने २०१० साली या कंपनीकडे न गोळा केलेल्या विक्रीकरापोटी २६ कोटी ९० लाख डॉलरची मागणी केली. कंपनीने डॅलसजवळचे आपले गोदाम बंद करण्याचे जाहीर केले. २०१२ साली तडजोड झाली. कंपनीने जुलैपासून कर गोळा करावयाचा, अडीच हजार नोकऱ्या आणि वीस कोटी डॉलरची गुंतवणूक आणावयाची, आणि राज्याने मागची मागणी सोडून द्यावयाची. कोपऱ्यावरच्या वाण्याने वर्षानुवर्षे कर भरला नसता तर त्याच्याशी अशी बोलणी झाली असती, असे आम्हांस वाटत नाही.

वर्षानुवर्षे हे चालू असताना संघराज्याचे विधिमंडळ काय करीत होते? क्विलच्या निकालात न्यायालयाने स्पष्ट म्हटले होते, की काँग्रेसला कायदा करून हा प्रश्न सोडविता येईल. २०१३ च्या मे महिन्यात सिनेटने ६९ विरुद्ध २७ मतांनी तसे विधेयक संमतही केले. प्रतिनिधिगृहाने ते चर्चेलाच घेतले नाही.

शेवटी वाट काढली ती साउथ डकोटा या लहानशा राज्याने. तेथे आयकर नाही. राज्याच्या सर्वसाधारण निधीचा साठ टक्क्यांहून अधिक भाग विक्रीकर व वापर-करातून येतो. तेथील शिक्षकांचे वेतन देशात तळाशी होते, आणि ते वाढविण्यासाठी २०१६ साली विक्रीकर चारावरून साडेचार टक्के करण्यात आला. त्याच वर्षी राज्याने कायदा केला, की एक लाख डॉलरहून अधिक विक्री किंवा दोनशे व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्यानेही कर गोळा केलाच पाहिजे. वेफेअर, ओव्हरस्टॉक आणि न्यूएग या तीन कंपन्यांवर खटला झाला. २१ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी १९६७ व १९९२ चे दोन्ही निकाल मोडीत काढले. बहुमताचा निर्णय लिहिताना न्यायमूर्ती केनेडी यांनी नोंदविले, की ग्राहकांकडून होणारे या कायद्याचे पालन अत्यल्प असून ते कुप्रसिद्ध आहे; राज्यांचे वार्षिक नुकसान ८ ते ३३ अब्ज डॉलरच्या दरम्यान असल्याचे अंदाजही त्यांनी दिले. वेफेअरने तर, आपल्याकडे खरेदी करण्यातली मोठी गंमत म्हणजे आम्हांला विक्रीकर आकारावा लागत नाही, अशा आशयाची जाहिरातच केली होती. कर माफ नव्हता, तो ग्राहकाच्या माथी होता, हे मात्र जाहिरातीत नव्हते.

विरोधी मत नोंदविणारे सरन्यायाधीश रॉबर्ट्‌स यांनी छोट्या विक्रेत्यांच्या अडचणीकडे बोट दाखविले, ते काही वावगे नव्हते. देशात कर बसविणारी दहा हजारांहून अधिक अधिकारक्षेत्रे आहेत. न्यू जर्सीत स्वेटरसाठी घेतलेल्या लोकरीवर कर नाही, पण कलाकृतीसाठी घेतलेल्या लोकरीवर आहे. इलिनॉयमध्ये एक चॉकलेट मिठाई ठरते आणि दुसरे, त्यात पीठ असल्यामुळे, अन्न. घरी बसून चार शाली विणून विकणाऱ्या बाईने हे सारे कसे लक्षात ठेवावे? या आक्षेपाची दखल पुढे अंशतः घेतली गेली. स्वतः साउथ डकोटाने २०२३ साली दोनशे व्यवहारांची अट काढून टाकली, आणि विक्रीकर असलेल्या सर्व राज्यांनी कायदे करून, ज्या मोठ्या बाजारपेठेवरून छोटा विक्रेता माल विकतो त्या बाजारपेठेच्या मालकावरच वसुलीची जबाबदारी टाकली. जे काम पन्नास वर्षे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते यंत्राने काही महिन्यांत होऊ लागले.

आता प्रश्न नागरिकाच्या शून्याचा. कर-चुकवेगिरीचे एक प्रकरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. २००२ च्या जूनमध्ये टायको या बलाढ्य कंपनीचे प्रमुख डेनिस कोझलोव्स्की यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये आरोप ठेवण्यात आला, की सुमारे एक कोटी तीस लाख डॉलर किमतीच्या सहा चित्रांवरील दहा लाखांहून अधिक डॉलरचा विक्रीकर त्यांनी चुकविला. सरकारी पक्षाचे म्हणणे असे होते, की विक्रीकर नसलेल्या न्यू हॅम्पशायरला चित्रे पाठविल्याचे भासविण्यासाठी तिकडे रिकामी खोकी रवाना करण्यात आली, आणि चित्रे मॅनहॅटनच्या सदनिकेतच राहिली. २००६ साली त्यांनी विक्रीकर व आयकर मिळून २ कोटी १२ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. ही हकिकत वाचून कोणीही संतापेल. पण ज्या गृहस्थाने बाहेरच्या राज्यातून दूरचित्रवाणी संच मागविला आणि एप्रिलमध्ये शून्य लिहून सही केली, त्यानेही आकाराने लहान असे एक रिकामे खोकेच पाठविले नाही काय?

आमच्या काही मित्रांना हा सवाल रुचणार नाही. विक्रीकर हा मुळातच गरिबाच्या खिशात हात घालणारा कर आहे, तो चुकविला तर बिघडले कोठे, असे ते म्हणतील. पहिला भाग आम्हांस मान्य आहे. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे, विक्रीकर व तत्सम करांत तेथील तळाच्या वीस टक्के कुटुंबांच्या उत्पन्नाचा सुमारे सात टक्के भाग जातो, तर सर्वांत वरच्या एक टक्क्याच्या उत्पन्नाचा जेमतेम एक टक्का. साउथ डकोटात धान्य-भाजीवरही हा कर आहे, आणि तो काढून टाकण्याचा प्रस्ताव २०२४ च्या नोव्हेंबरात मतदानात पडला. परंतु दुसरा भाग आम्हांस मान्य नाही. हा कर बुडवीत कोण होते, ते पाहा. ज्याच्या घरी संगणक होता, खिशात क्रेडिट कार्ड होते आणि दिवसा पार्सल घेण्यास घरी कोणी होते, तो. ज्या मजुराकडे बँकेचे खातेही नव्हते, तो शनिवारी रोख घेऊन गल्लीतल्या दुकानात गेला आणि त्याने प्रत्येक डॉलरवर पुरा कर मोजला. चुकवेगिरीने या विषम कराची विषमता कमी झाली नाही, वाढली. शिवाय दुकान बुडाले ते गल्लीतले, आणि तूट पडली ती त्या मजुराची मुले ज्या सरकारी शाळेत जातात तिच्या अंदाजपत्रकात. अन्यायी करव्यवस्थेविरुद्ध लढण्याचा मार्ग उघडपणे नाकारण्याचा आहे. गुपचूप शून्य लिहून त्यावर खरेपणाची सही करणे हा सत्याग्रह नव्हे.

म्हणून, अमेरिकेतील आमच्या वाचकांनी ती ओळ प्रामाणिकपणे भरावी, असे आम्ही निःसंकोचपणे सांगतो. हे काम अवघडही राहिलेले नाही. मोठे विक्रेते कर घेतातच. उरतात ती लहान विक्रेत्यांकडची, परदेशातून पार्सलने आलेली, किंवा विक्रीकर नसलेल्या राज्यात प्रवासात केलेली खरेदी. पावत्या जपून ठेवल्या नसतील तर कॅलिफोर्नियासारख्या राज्याने हजार डॉलरच्या आतील घरगुती वस्तूंसाठी उत्पन्नाच्या पायऱ्यांनुसार ठोकळ रकमेचा तक्ता दिलेला आहे. ती रक्कम बहुधा एका वेळच्या हॉटेलातील जेवणाहून कमीच भरते.

मात्र प्रामाणिक ग्राहकाला मिळणारा हा उपदेश विधिमंडळांनाही मिळाला पाहिजे. आज पाच डॉलरच्या मोज्यांवरचा कर संगणक एका क्षणात, ग्राहक कोणत्या गल्लीत राहतो ते पाहून, अचूक कापून घेतो. एवढी तत्परता आणि एवढे अचूक यंत्र समभागांच्या नफ्यापाशी पोचताना मात्र अडखळते. यास एक अपवाद, योगायोगाने, वॉशिंग्टन राज्यातच घडला. तेथील विधिमंडळाने २०२१ साली समभाग व रोख्यांच्या मोठ्या दीर्घकालीन नफ्यावर सात टक्के कर संमत केला. त्याचे उत्पन्न शाळा व बालसंगोपन यांच्यासाठी राखले. १९३३ चाच मुद्दा घेऊन धनिक न्यायालयात गेले, आणि २०२३ च्या मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या वेळी कर टिकविला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बेझोस यांनी आपण सिएटल सोडून मायामीला राहावयास जात असल्याचे जाहीर केले. आईवडील तिकडे आहेत आणि अवकाशयानांचे काम तिकडे वाढले आहे, हे त्यांनी दिलेले कारण. फ्लॉरिडात अशा नफ्यावर राज्याचा कर नाही, ही भर इतरांनी घातली. हा कर रद्द करावा म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात मतदारांपुढे प्रस्ताव आला. सुमारे ६४ टक्के मतदारांनी तो फेटाळला. याच राज्याच्या मतदारांनी १९३२ साली मागितलेला चढता आयकर त्यांना मिळाला नव्हता. त्यातला हा एक तुकडा ब्याण्णव वर्षांनी त्यांनी हातून सुटू दिला नाही.